अफगाणिस्तानचा राजा अमानुल्ला

राज्य चालवणे आणि घर चालवणे यांत अंतर पुष्कळ आहे. पण जुने मोडून नवे आणायचे म्हटले की दोन्हीकडे अडचणी सारख्याच येतात, असे मला अमानुल्लाचे चरित्र वाचताना वाटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहासाची जाणकार म्हणून मी लिहीत नाही. परंतु ज्या राजाने आपल्या देशात मुलींची पहिली सरकारी शाळा काढली, त्याची हकिगत मंडळातील भगिनींना सांगावी असे मनात आले.

अमानुल्लाचा जन्म १८९२ साली काबूलजवळ पगमान येथे झाला. फेब्रुवारी १९१९ मध्ये त्याचे वडील, अमीर हबीबुल्ला, शिकारीच्या मुक्कामी मारले गेले. काबूलचा खजिना व फौज अमानुल्लाच्या ताब्यात होती. चुलत्याला बाजूस सारून तो गादीवर बसला. त्या काळी अफगाणिस्तानचे परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या मुठीत होते. मे महिन्यात त्याने युद्ध पुकारले आणि ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या तहाने देश स्वतंत्र झाला. प्रजेने त्याला डोक्यावर घेतले.

त्याची राणी सुरय्या हिचा जन्म १८९९ साली दमास्कसला झाला. तिचे वडील महमूद तर्झी हे देशाबाहेर काढलेले, मोठे विद्वान गृहस्थ. पुढे तेच जावयाचे परराष्ट्रमंत्री झाले. १९२१ साली काबूलमध्ये मुलींची शाळा निघाली. त्याच वर्षी स्त्रियांचे पत्र सुरू झाले आणि ते राणीच्या मातोश्री चालवीत. बालविवाहास बंदी आली, देज घेण्यावर मर्यादा आली. १९२३ साली राज्यघटना झाली व गुलामगिरी बंद झाली. यावर चिडून १९२४ साली खोस्त भागात बंड झाले. राजाने काही कायदे मागे घेतले, तेव्हा कुठे ते शमले.

डिसेंबर १९२७ मध्ये राजाराणी मुंबईवरून बोटीने युरोपच्या प्रवासास निघाले. इजिप्त, इटली, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, रशिया, तुर्कस्तान पाहून १९२८ च्या उन्हाळ्यात ते परतले. तिकडचे कारखाने, रस्ते, शाळा पाहून राजाला एक दिवसही थांबवेना. पगमानला भरलेल्या सभेत दूरदूरच्या टोळ्यांच्या प्रमुखांना काळे कोट, पाटलोणी व हॅट घालून बसवले. शुक्रवारची सुटी गुरुवारी नेली. राणीने भर सभेत तोंडावरचा पडदा दूर केला. काही मुलींना शिकण्यासाठी तुर्कस्तानात पाठवले.

इकडे शिपायांचा पगार तुटपुंजा आणि तोही वेळेवर नाही. शेतकऱ्यांवर कर वाढलेले, अंमलदार लाचखाऊ. नोव्हेंबरात जलालाबादकडे शिनवारी टोळी उठली. उत्तरेकडून बच्चा-इ-सक्का, म्हणजे पखालवाल्याचा मुलगा, काबूलवर चालून आला. राजासाठी लढायला फौजच उरली नाही. जानेवारी १९२९ मध्ये थोरल्या भावाकडे गादी सोपवून अमानुल्ला बर्फातून मोटारीने कंदाहारला गेला. भावाचे राज्य तीन दिवस टिकले. कंदाहारहून पुन्हा उभे राहण्याचा प्रयत्न फसला आणि मे महिन्यात त्याने सहकुटुंब हिंदुस्थानात आश्रय घेतला. राणीला दिवस गेलेले होते. मुंबईत तिला कन्या झाली, तिचे नाव ठेवले इंडिया. सारे वैभव हरवून परमुलखात बाळंत होणाऱ्या त्या बाईच्या मनाचे काय झाले असेल, हे आपणां बायकांना वेगळे सांगायला नको. पुढे ते इटलीत राहिले. १९६० साली राजा वारला, १९६८ साली राणी. दोघेही जलालाबादला चिरविश्रांती घेत आहेत.

मला यात एक गोष्ट दिसते. शाळा आणि हॅट यांचे मोल राजाने सारखेच धरले. पाटीवर अक्षर गिरवलेली मुलगी पुढे आपल्या मुलीला शिकवतेच. हुकमाने घातलेली हॅट मात्र हुकूम गेला की खाली पडते. घरात नवी रीत आणायची तर आधी सासूबाईंना विश्वासात घ्यावे लागते आणि डब्यात पीठ आहे ना, तेही पाहावे लागते. राजाने शिपायाच्या घरातला डबा पाहिला नाही.

तरी त्याला नुसते उतावळा म्हणून मोडीत काढू नये. तो पडला तशा मुलींच्या शाळा बंद झाल्या, तुर्कस्तानातल्या मुलींना परत बोलावले. त्याच्या घाईची किंमत त्याने गादीने दिली. मुलींनी मात्र काही न करता दिली. १९५९ साली राजघराण्यातील स्त्रिया पुन्हा उघड्या तोंडाने लोकांसमोर आल्या. १९९६ साली आणि पुन्हा २०२१ साली शाळांची दारे मुलींवर बंद झाली. म्हणून भगिनींनो, आपल्या गावात मुलगी दप्तर घेऊन शाळेला जाते ही साधी गोष्ट समजू नका. ती कोणीतरी मिळवलेली आहे, आणि आपण ती राखायची आहे.