गारव्याचा शिल्पकार

मोटारीतील एसी गरम हवा फेकू लागला की मेकॅनिक प्रथम गॅसचा दाब तपासतो. दाब कमी भरल्यास गळती शोधतो, ती बंद करतो आणि मगच नवा गॅस भरतो. या गळतीची झळ केवळ मोटारमालकाला नव्हे, तर साऱ्या पृथ्वीला बसू शकते, हे उमगण्यास जगाला अनेक दशके लागली. त्या कथेच्या केंद्रस्थानी आहेत अमेरिकी अभियंते थॉमस मिजली.

१८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील बीव्हर फॉल्स येथे जन्मलेल्या मिजली यांनी १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेतली. जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेत १९२१ मध्ये त्यांनी पेट्रोलमध्ये शिसेयुक्त रसायन मिसळून इंजिनाची ठोठावणी थांबवली. पुढे त्याच शिशाची त्यांना बाधा झाली.

त्या काळी शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू असत. त्यांना पर्याय म्हणून मिजली व सहकाऱ्यांनी फ्रिऑन पुढे आणला. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी तो छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली. तो विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका श्वासात दिसले. पुढे मोटारींच्या एसीतही तोच खेळू लागला.

१९४० मध्ये पोलिओने त्यांना पंगू केले. अंथरुणातून उठण्यासाठी स्वतःच रचलेल्या दोर-कप्प्यांच्या साधनात गळा आवळला जाऊन २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

असे वायू ओझोनचा थर विरवतात, हा इशारा मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दिला. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने त्यांच्यावर बंधने आली. तो ऐकण्यास मिजली हयात नव्हते.