मालक आणि गुलाम यांचा हिशेब मांडणारे हेगेल

द्वंद्ववाद हा शब्द निघाला की माणसं लांबूनच हात जोडतात. कुणी समजावायला बसलाच तर वाद, प्रतिवाद, संवाद एवढं सांगून मोकळा होतो. आम्हीही तेच पाठ केले होते. पण ज्यांच्या नावावर हे खपवले जाते, त्या हेगेल यांनी आपल्या पद्धतीचे वर्णन या तीन शब्दांत केलेले नाही.

जॉर्ज विल्हेल्म फ्रेडरिक हेगेल यांचा जन्म २७ ऑगस्ट १७७० रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे एका सरकारी नोकरदाराच्या घरी झाला. तेराव्या वर्षी आई गेली. पुढे पाद्री होण्याचे शिक्षण घेतले, पण पाद्री काही झाले नाहीत. श्रीमंतांच्या पोरांना शिकवून पोट भरलं. १८०१ साली येना विद्यापीठात गेले, तिथेही पक्क्या पगाराचे नाव नाही. १८०६ साली नेपोलियनची फौज येनात शिरली, त्याच दिवसांत त्यांचा पहिला मोठा ग्रंथ पुरा होत होता. तो १८०७ साली निघाला. नंतर वर्तमानपत्राचे संपादक, मग आठ वर्षे शाळेचे मुख्याध्यापक. प्राध्यापकाची कायम जागा मिळाली तेव्हा वय शेहेचाळीस!

त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक गोष्टीच्या पोटातच तिचा विरोध असतो. कळी मोडते तेव्हा फूल होते. कळी संपते, पण वाया जात नाही, वरच्या पायरीवर जपली जाते.

त्या पहिल्या ग्रंथातले मालक-गुलामाचे प्रकरण आम्ही कितीदा वाचले असेल. दोघांची झुंज होते. जो मरणाला भितो तो गुलाम होतो. पण मालकाला मान हवा असतो, आणि ज्याला तो माणूसच मानत नाही त्याने दिलेल्या मानाची किंमत काय? मालक नुसता खातो. गुलाम मात्र वस्तू घडवतो आणि त्या वस्तूत त्याला स्वतःची ओळख पटते. साच्यावर उभं राहिलेल्या माणसाला हे चटकन कळतं. तरी आमचा एक सवाल आहे. मैला उचलायला लावलेल्या माणसाला त्या कामात स्वतःचं काय दिसावं? जिथे काम जन्माने ठरते आणि कामालाच विटाळ चिकटवला जातो, तिथे हा हिशेब अपुरा पडतो.

१८१८ पासून ते बर्लिनला होते. तिथल्या व्याख्यानांत त्यांनी भारतातल्या जातिव्यवस्थेवर कडक टीका केली, हे चांगलंच. पण आफ्रिकेच्या लोकांना त्यांनी इतिहासाबाहेर बसवलं आणि बुद्धधम्म म्हणजे शून्याची उपासना असं समजून घेतलं. निर्वाणाचा अर्थ त्यांना परक्या प्रवाशांच्या आणि मिशनऱ्यांच्या लिखाणातून मिळाला होता. विरोध तपासायला शिकवणारा माणूस इथे ऐकीव गोष्टींवर थांबला.

१४ नोव्हेंबर १८३१ रोजी बर्लिनमध्ये कॉलऱ्याच्या साथीच्या दिवसांत त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी मार्क्स नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी त्याच विद्यापीठात दाखल झाला, आणि त्याने हेगेल यांचीच पद्धत हाती घेऊन ती कारखान्याच्या दारात आणून उभी केली.