मिल आणि मताचे मोल

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात मत देण्याचा अधिकार थोड्या मालमत्ताधारक पुरुषांनाच होता. अशा काळी, २० मे १८०६ रोजी, लंडन येथे जॉन स्टुअर्ट मिल याचा जन्म झाला. त्याचे वडील जेम्स मिल हे मोठे व्यासंगी होते. त्यांनी मुलाला शाळेत न धाडता घरीच शिकविले. तिसऱ्या वर्षी ग्रीक व आठव्या वर्षी लॅटिन भाषा तो शिकू लागला. १८२३ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीस लागला व १८५८ पर्यंत तेथेच राहिला.

मत देऊ लागला म्हणजे माणूस सर्वांच्या हिताचा विचार करू लागतो. मताधिकार हे एक प्रकारचे शिक्षणच होय, अशी मिलची श्रद्धा होती. ज्यांना मत नाही त्यांची दुःखे राज्यकर्त्यांच्या ध्यानात येत नाहीत, हेही त्याने ओळखले होते. परंतु त्याच्या मनात एक भीती होती. अशिक्षितांच्या संख्याबळापुढे जाणत्यांचे काही चालले नाही तर? म्हणून १८६१ साली त्याने एका ग्रंथात असे सुचविले, की ज्याला लिहिता-वाचता व साधा हिशेब करता येत नाही त्याला मत असू नये, आणि सुशिक्षिताला एकाहून अधिक मते असावीत. मात्र केवळ श्रीमंतीमुळे कोणाला जादा मत मिळावे, हे त्याला मान्य नव्हते. सर्वांना शिक्षण देणे हे समाजाचे कर्तव्यच आहे, असे तो मानी.

१८६५ साली तो पार्लमेंटात निवडून आला. १८६७ साली त्याने स्त्रियांनाही मताधिकार द्यावा अशी सूचना मांडली. तिच्या बाजूने ७३ व विरुद्ध १९६ मते पडली. पुढच्याच वर्षी तो निवडणूक हरला. १८७३ साली फ्रान्समधील आव्हिन्यों येथे त्याचे निधन झाले.

स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार ब्रिटनमध्ये १९२८ साली मिळाला. विद्यापीठांच्या पदवीधरांना तेथे असलेले जादा मत मात्र १९४८ च्या कायद्याने रद्द झाले.

भारतीय लोक स्वराज्यास अद्याप पात्र झालेले नाहीत, असे मिलला वाटे. पुढे स्वतंत्र भारतात १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या वेळी सुमारे १७ कोटी मतदार होते व त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. तरी पंडित असो वा निरक्षर, प्रत्येकाला सारखाच मताधिकार मिळाला. मत देता देताच माणूस शहाणा होतो, हा मिलचा विचार त्याच्या भीतीहून अधिक टिकाऊ ठरला.