दोर धरणारा पाळक : अँड्र्यू फुलर

विल्यम कॅरी यांचे नाव आमच्या वाचकांस नवीन नाही. त्यांचे मराठी व्याकरण (१८०५), मराठी कोश (१८१०) व मराठी नवा करार (१८११) ही बंगालमधील सेरामपूर येथे सिद्ध झाली, हे पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु ज्या पाळकाने इंग्लंडात राहून त्यांचा भार बावीस वर्षे वाहिला, त्याचे चरित्र क्वचितच सांगितले जाते. एखाद्या पंथाचे भवितव्य कशाने धोक्यात येते व कशाने सावरते, हे दोन्ही त्या चरित्रात दिसते. म्हणून ते आज सांगावे असे आम्हांस वाटले.

अँड्र्यू फुलर यांचा जन्म ६ फेब्रुवारी १७५४ रोजी केंब्रिजशायर परगण्यातील विकन या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. शिक्षण बेताचेच, शरीर धिप्पाड, आणि तरुणपणी कुस्तीचा नाद. १७७० साली सोहम गावच्या बॅप्टिस्ट मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी मंडळीतील एक जण मद्यपी निघाला. फुलरांनी त्यास दोष दिला, तेव्हा स्वतःस आवरण्याचे सामर्थ्य आपल्यात नाही, असे त्याने उत्तर दिले. हे उत्तर खरे की सबब, यावरून मंडळीत असा वाद माजला की १७७१ साली पाळकांस गाव सोडावे लागले. पुढे १७७५ साली फुलर हेच तेथील पाळक झाले. वेतन अगदी तुटपुंजे; दुकान घालून पाहिले, शाळा काढून पाहिली, पण दोन्ही चालली नाहीत.

हा वाद एका गावापुरता नव्हता. ख्रिस्ताचे प्रायश्चित्त केवळ निवडलेल्यांसाठी आहे, असे मानणाऱ्या पर्टिक्युलर बॅप्टिस्ट पंथात त्या काळी पुष्कळ उपदेशक याहूनही पुढे गेले होते. पापी मनुष्यास स्वतःहून विश्वास धरवत नाही, म्हणून पश्चात्ताप करून विश्वास ठेव असे त्यास सांगूच नये, असे ते म्हणत. उपासना चालत, मतांची चर्चा सूक्ष्म होई. पण बाहेरच्या माणसास आत बोलावणारा शब्द व्यासपीठावरून निघत नसे. जी मंडळी कोणास बोलावत नाही, ती वृद्धांबरोबर कबरेत जाते. त्या पंथासही ओहोटी लागली होती.

फुलरांनी शास्त्र पुनःपुन्हा शोधिले. १७८२ साली ते नॉर्थॅम्प्टनशायरमधील केटरिंग येथे पाळक झाले, आणि १७८५ साली त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शुभवर्तमान सर्वांनी स्वीकारण्यास योग्य आहे, विश्वास ठेवणे हे प्रत्येक ऐकणाऱ्याचे कर्तव्य आहे, म्हणून उपदेशकाने सर्वांस बोलवावे, हा त्याचा सारांश. देवाची निवड त्यांनी नाकारली नाही. तिची सबब करणे मात्र नाकारले. स्वकीयांनी त्यांजवर टीका केली. दरम्यान, १७८४ पासून त्या भागातील मंडळ्या दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जगभरच्या जागृतीसाठी प्रार्थना करू लागल्या होत्या.

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे एका विधवा बाईच्या घरी मूठभर पाळक जमले. बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली, आणि १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स देण्याची वचने मिळाली. सहा वर्षांपूर्वी फुलरांची लहान मुलगी वारली होती. आणि या सभेपूर्वी काही आठवड्यांखालीच, चित्तभ्रमाचा दुःखद आजार भोगून, त्यांची पत्नी निवर्तली होती. तरी चिटणीसपद त्यांनीच पत्करले. हिंदुस्थान ही खोल खाण आहे. कॅरी तीत उतरतील, आणि वर राहिलेल्यांनी दोर सोडावयाचा नाही, असा या मित्रांचा करार होता.

फुलरांनी तो पाळला. मंडळीचे पाळकपण सांभाळून ते पत्रे व ग्रंथ लिहीत, दारोदार वर्गणी मागत. १७९९ पासून पाच वेळा ते स्कॉटलंडात हिंडले. १८०६ च्या वेल्लोर येथील शिपायांच्या बंडाचा दोष मिशनऱ्यांवर येऊ लागला, तेव्हा १८०८ साली त्यांनी लेखी उत्तर दिले. ११ मार्च १८१२ रोजी सेरामपूरचा छापखाना जळाला. इंग्लंडात वार्ता पोहोचल्यावर दोन महिन्यांच्या आत सुमारे दहा हजार पौंडांची हानी भरून निघाली. अमेरिकेतील दोन विद्यालयांनी देऊ केलेली डॉक्टर ही पदवी मात्र त्यांनी घेतली नाही.

७ मे १८१५ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, श्रमाने झिजून ते प्रभूकडे गेले. येथे त्यांच्या चरित्रातील उणीवही सांगितली पाहिजे. बहुतेक सर्व भार त्यांनी एकट्याने वाहिला होता. सेरामपूरकरांचा विश्वास संस्थेपेक्षा या मित्रावर होता. तो गेल्यावर मालमत्ता व अधिकार यांवरून कलह वाढला, आणि १८२७ साली सेरामपूर व सोसायटी विभक्त झाली. समेट १८३७ साली झाला. तो पाहण्यास कॅरी उरले नव्हते, ते १८३४ सालीच वारले होते.

वाचक बंधुभगिनींनो, दार लावून बसल्याने एक पंथ क्षीण होत होता. एका माणसाने ते दार उघडले. आणि सर्व ओझे त्या एकाच्याच खांद्यावर राहिल्याने पुढे पुन्हा संकट आले. मोशेला त्याच्या सासऱ्याने ओझे वाटून घेण्याची मसलत दिली होती, ती येथे आठवते. आपल्या गावी उपदेशक आजारी पडला तर रविवारी शास्त्र कोण वाचील? वर्गणीची वही कोणास कळते? शेजारच्या वाडीत बोलावण्यास कोण जाईल? या तीन प्रश्नांस प्रत्येकी दोन तरी नावे सांगता आली, तर दोर पुष्कळ हातांत आहे असे समजावे. न आली, तर ती नावे शोधण्यास याच आठवड्यात आरंभ करावा.