विद्यामंदिराचे निःस्पृह विश्वस्त : ईश्वरचंद्र विद्यासागर

शाळा काढणे फारसे कठीण नाही. ती चालविणे कठीण, आणि काळ पालटत असता तिचे स्वत्व राखून ती चालविणे त्याहूनही कठीण. कधी द्रव्याची चणचण, कधी सहकाऱ्यांतील मतभेद, कधी अधिकाऱ्यांची अवकृपा आणि अखेरीस आप्तजनांची माया, असे एकामागून एक कसोटीचे प्रसंग येतात. पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांना लोक दयेचा सागर म्हणून ओळखतात आणि विधवांचे कैवारी म्हणून त्यांचे स्मरण करतात. परंतु या सर्व प्रसंगांतून एक स्वतंत्र विद्यालय त्यांनी कसे पार नेले, ही कथा तितकीशी सांगितली जात नाही. गीतेने शिकविलेला कर्मयोग प्रपंचात कसा उतरतो, हे पाहावयाचे असेल तर ती अवश्य समजून घ्यावी.

२६ सप्टेंबर १८२० रोजी बंगालमधील वीरसिंह गावी एका दरिद्री ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पिता ठाकुरदास, माता भगवतीदेवी. १८२९ मध्ये ते कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयात दाखल झाले आणि व्याकरण, साहित्य, अलंकार, वेदान्त, स्मृती, न्याय अशी शास्त्रे शिकून त्यांनी विद्यासागर ही पदवी मिळविली. १८५१ मध्ये त्याच महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. तेथे त्यांनी पुष्कळ फेरफार केले. पूर्वी ब्राह्मण आणि वैद्य यांच्याच मुलांना तेथे प्रवेश असे; तो त्यांनी प्रथम कायस्थांना आणि पुढे इतर हिंदूंनाही खुला केला. मुग्धबोध व्याकरण घोकण्यात मुलांची वर्षे जात, म्हणून देशी भाषेतून संस्कृत शिकविणारी उपक्रमणिका व व्याकरणकौमुदी ही पुस्तके स्वतः लिहिली. संस्कृताबरोबर इंग्रजीचाही अभ्यास नेमाने होऊ लागला. परंपरेचा त्याग न करता परंपरेची दारे उघडणारा असा हा पंडित होता.

परंतु ही संस्था सरकारी होती आणि सरकारी संस्थेत चालकाचे हात बांधलेले असतात. १८५७ व १८५८ या दोन वर्षांत विद्यासागरांनी बंगालच्या चार जिल्ह्यांत मुलींच्या ३५ शाळा उघडल्या. सुमारे १३०० मुली शिकू लागल्या. सरकारचे साह्य मिळेल या भरवशावर हे काम चालले होते. पण पुढे सरकारने कायमचे अनुदान नाकारले. शिक्षणखात्याच्या वरिष्ठांशीही त्यांचे जमेना. अखेर १८५८ च्या नोव्हेंबरमध्ये दरमहा ५०० रुपयांची नोकरी त्यांनी सोडली. त्या काळी ही रक्कम केवढी मोठी होती! पण त्यांच्या गरजा थोड्या होत्या, आणि जाडेभरडे धोतर, चादर व साध्या वहाणा यांपलीकडे त्यांचा पोशाख कधी गेला नाही. स्वतःच्या पुस्तकांचे उत्पन्नही त्यांच्या हाती होते. ज्याला पदाची गरज नसते, त्यालाच पद सोडता येते.

१८५९ मध्ये कलकत्त्यातील काही गृहस्थांनी कलकत्ता ट्रेनिंग स्कूल या नावाची शाळा काढली आणि विद्यासागरांना आपल्या मंडळात घेतले. थोड्याच काळात संस्थापकांत बेबनाव होऊन काहीजण वेगळे झाले. मोडकळीस आलेली शाळा विद्यासागरांनी हाती धरली. १८६४ मध्ये तिला मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशन हे नाव मिळाले. त्याच वर्षी महाविद्यालयाचे वर्ग काढण्याची अनुमती त्यांनी विद्यापीठाकडे मागितली, ती मिळाली नाही. इंग्रज अध्यापकावाचून उच्च शिक्षण देता येईल, यावर अधिकाऱ्यांचा विश्वास नव्हता. नकार मिळाला म्हणून ते रुसले नाहीत की खचले नाहीत. शाळाच अधिक चांगली करण्यात त्यांनी आठ वर्षे घालविली. १८७२ मध्ये न्यायमूर्ती द्वारकानाथ मित्र व कृष्णदास पाल यांना सोबत घेऊन त्यांनी पुन्हा मागणी केली आणि या वेळी ती मान्य झाली. अध्यापक सारे देशी नेमले. १८७४ च्या पहिल्याच परीक्षेत विद्यार्थ्यांनी असे यश मिळविले की शंका घेणारे निरुत्तर झाले. १८७९ मध्ये पदवीपर्यंतचे शिक्षण सुरू झाले आणि पुढे कायद्याचे वर्गही निघाले.

या विद्यालयाची शिस्त छडीवर चालत नसे. मुलांना मारण्यास विद्यासागरांनी अध्यापकांना सक्त मनाई केली होती. मध्यम स्थितीच्या गृहस्थाला परवडावे म्हणून शुल्क कमी ठेवले होते. सरकारी सेवेतून दूर केलेल्या सुरेंद्रनाथ बॅनर्जींना दारे बंद झाली असता विद्यासागरांनीच त्यांना अध्यापक म्हणून घेतले. सरकारच्या मदतीवर संस्था अवलंबून नव्हती, म्हणूनच हे साध्य झाले.

एवढ्यावर कथा संपती, तर ती केवळ यशाची कथा झाली असती. १८८७ मध्ये विद्यालय स्वतःच्या प्रशस्त वास्तूत गेले. त्या वेळी त्यांचे जावई सूर्यकुमार अधिकारी प्राचार्य होते. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, संस्थेच्या हिशेबात चोखपणा राहिला नाही असे विद्यासागरांना आढळून आले. त्या वेळी त्यांचे वय ६८ होते आणि प्रकृती ढासळली होती. मुलीचा संसार डोळ्यांपुढे होता. प्रकरण घरातल्या घरात मिटविले असते, तर कोणी बोट दाखविले नसते. पण संस्था त्यांच्या घरची नव्हती. त्यांनी जावयाला पदावरून दूर केले.

विचारी वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे धनुष्य गळाले ते परक्या शत्रूंना पाहून नव्हे, स्वजनांना पाहून. परक्याशी कठोर होणे सोपे असते. आपल्या माणसाच्या बाबतीत न्याय करताना हात कापू लागतो. विद्यासागरांनी स्वतः त्या विद्यालयातून धनाची अपेक्षा कधी केली नाही, म्हणूनच त्यांना आप्तालाही हिशेब विचारता आला. जो स्वतः फळाला शिवत नाही, त्याच्याच शब्दाला असे बळ येते.

२९ जुलै १८९१ रोजी ते निवर्तले. १९१७ मध्ये त्या संस्थेला विद्यासागर महाविद्यालय हे नाव देण्यात आले आणि आजही ती कलकत्त्यात विद्यादान करीत आहे. जे त्यांनी आपले मानले नाही, तेच त्यांच्या नावाने चिरकाल उभे राहिले.

आपल्यापैकी अनेकजण गावच्या पाठशाळेच्या, मंदिराच्या किंवा धर्मादाय निधीच्या व्यवस्थेत भाग घेत असतात. तेथे बसताना विद्यासागरांचे स्मरण ठेवावे. संस्थेसाठी आपण किती देतो, हे लोक पाहतातच. पण तिच्याकडून आपल्याला आणि आपल्या माणसांना काय हवे आहे, हे आपणच आपल्या अंतःकरणाला विचारावयाचे असते. त्या प्रश्नाचे उत्तर काहीही नको असे निघाले, तर ती सेवा भगवंताच्या चरणी रुजू झाली असे समजावे.