केळशीचा दर्गा आणि जिझियाचा खलिता

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील केळशी हे गाव पर्यटकांना माहीत असते ते महालक्ष्मीच्या देवळामुळे, नारळी-पोफळीच्या वाड्यांमुळे आणि शांत किनाऱ्यामुळे. याच केळशीत याकूबबाबांचा दर्गा आहे. इतिहासग्रंथांत या सत्पुरुषाचे नाव बाबा याकूत असेही आढळते. छत्रपती शिवाजी महाराजांची या सूफी साधूवर श्रद्धा होती. त्यांच्यासाठी महाराजांनी केळशीत आश्रयस्थान उभारले व त्यांचा योगक्षेम स्वतःच्या खर्चाने चालविला, याची नोंद सर जदुनाथ सरकार यांनी महाराजांच्या चरित्रात केली आहे. कोकणातल्या एका खेड्यातील हा लहानसा दानधर्म. पण महाराजांनी आयुष्याच्या अखेरीस दिल्लीच्या बादशहाला जो खलिता धाडला, त्यातील शब्दांचे वजन जोखायचे तर केळशी विसरून चालत नाही.

एका राज्याने दुसऱ्या राज्याला, तुम्ही आपल्या रयतेला असे का वागविता, असा जाब विचारावा, ही कल्पना आज सर्वपरिचित आहे. राजदूताला बोलावून निषेध नोंदविला जातो, व्यापारी करारात अटी घातल्या जातात, कैद्यांच्या सुटकेसाठी पडद्याआड बोलणी चालतात. सतराव्या शतकात मानवी हक्क हा शब्द कोणाच्याच कोशात नव्हता. तरीही या तिन्ही वाटा महाराजांच्या चरित्रात दिसतात.

पहिला प्रसंग घरातलाच. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर जन्मलेले शिवाजीराजे अठरा वर्षांचे असताना, १६४८ साली, त्यांचे वडील शहाजीराजे यांना आदिलशाही सरदारांनी जिंजीजवळ कैद केले. फौजेच्या बळावर वडिलांना सोडवून आणणे शक्य नव्हते. तेव्हा राजांनी दख्खनचा मोगल सुभेदार शाहजादा मुरादबक्ष याच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. विजापूरच्या कैद्यासाठी दिल्लीचे दार ठोठावण्याचा हा डाव होता. १६४९ च्या मे महिन्यात शहाजीराजे सुटले. सुटकेचे श्रेय मोगलांच्या दडपणाला किती आणि कोंढाण्यासारखा किल्ला विजापूरला परत दिल्याला किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण दुबळ्या बाजूने बोलताना तिसऱ्याचे वजन कसे वापरावे, हा धडा राजांनी विशीच्या आतच गिरविला.

पुढील वर्षांतील अफजलखान, शाहिस्तेखान, सुरत, पुरंदर या घटना शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. १६६६ साली आग्र्यात महाराज स्वतःच बादशहाचे बंदी झाले आणि १७ ऑगस्टला निसटले. बोलावून कैदी करणाऱ्या दरबाराचा अनुभव त्यांच्या गाठीशी आला, तो असा.

१६७४ च्या राज्याभिषेकानंतर परराष्ट्र व्यवहार ही राज्याची रीतसर शाखा झाली. डबीराला सुमंत हे नाव मिळाले आणि अष्टप्रधानांत त्याचे स्थान ठरले. आता कोणाशी बोलायचे ते एका सार्वभौम राजाच्या नात्याने. त्याचे एक उत्तम उदाहरण १६७७ सालचे आहे. कर्नाटकच्या स्वारीत जिंजीचा मुलूख हाती आल्यावर कोरोमंडल किनाऱ्यावरील डच कंपनीला व्यापाराचा परवाना नव्याने हवा होता. डच तेथून कापड नेत, तशी माणसेही नेत. दुष्काळात वा लढाईत नागवलेल्या कुटुंबांतील स्त्री-पुरुष विकत घेऊन ते जहाजांत भरले जात. महाराजांनी डचांना कौल दिला, पण त्यात एक कलम घातले. पूर्वीच्या राजवटीत गुलामांची खरेदी-विक्री चालत असेल, यापुढे आपल्या मुलखात ती चालणार नाही, आणि कोणी तसे करू लागल्यास आपले लोक अडवतील, असा त्याचा आशय होता. येथे नुसती विनवणी नव्हती. डचांना परवान्याची गरज होती आणि ती गरजच या अटीचा आधार होती.

दोन वर्षांनी प्रश्न आला तो अशा सत्तेशी, जिला महाराजांच्या परवान्याची गरज नव्हती. २ एप्रिल १६७९ रोजी औरंगजेबाने बिगरमुसलमान प्रजेवर जिझिया कर पुन्हा लादला. अकबराने १५६४ साली तो रद्द केला होता आणि नंतर शंभराहून अधिक वर्षे कोणत्याही बादशहाने तो वसूल केला नव्हता. कराचे तीन दर होते, वर्षाला बारा, चोवीस आणि अठ्ठेचाळीस दिरहम. टक्केवारीने पाहिले तर सर्वांत गरिबावरच त्याचा बोजा अधिक पडे. दिल्लीत बादशहा शुक्रवारच्या नमाजासाठी निघाला असता लोकांनी वाट अडवून गाऱ्हाणे घातले. तेव्हा गर्दीवर हत्ती घालण्यात आले आणि काही माणसे तुडविली गेली.

हा कर महाराजांच्या प्रजेला द्यावा लागणार नव्हता. तो ज्यांना द्यावा लागणार होता ती परक्या राज्याची रयत होती. तरीही महाराजांनी बादशहाला फारसीत खलिता लिहविला. मसुदा नीळ प्रभू मुनशीचा. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत त्याची नक्कल आहे. जुन्या इंग्रज लेखकांपैकी ऑर्मने हे पत्र जोधपूरच्या जसवंतसिंहाचे मानले, तर टॉडने उदयपूरच्या राणा राजसिंहाचे. पण जसवंतसिंह १६७८ सालीच वारला होता आणि राजसिंहाचा उल्लेख पत्रात तिऱ्हाईत म्हणून येतो. जदुनाथांनी ते महाराजांचे ठरविले, ते याच प्रकारच्या अंतर्गत पुराव्यावरून.

पत्राची रचना पाहण्यासारखी आहे. आरंभी महाराज स्वतःला बादशहाचे हितचिंतक म्हणवितात आणि आग्र्याहून परवानगीवाचून निघून आल्याबद्दल शिष्टाचारापुरते खेदाचे शब्द काढतात. मग अकबर, जहांगीर आणि शहाजहान यांची कारकीर्द वर्षांसह मांडली जाते. हिंदू, जैन, ख्रिस्ती, यहुदी, दादूपंथी अशा सर्वांशी अकबराने सलोखा राखला आणि त्याचे राज्य वाढत गेले, हा मुद्दा. पाठोपाठ औरंगजेबाच्या राज्याची अवस्था येते. किल्ले आणि प्रांत हातचे गेले, शेतकरी नागवला, गावांचा वसूल घटला, व्यापारी तक्रार करीत आहेत, आणि खुद्द मुसलमानही रडत आहेत. म्हणजे गाऱ्हाणे एका धर्माच्या माणसांपुरते ठेवलेले नाही.

यानंतर महाराज बादशहाच्याच धर्मग्रंथाचा आधार घेतात. कुराणात ईश्वराला सर्व विश्वाचा स्वामी म्हटले आहे, केवळ मुसलमानांचा नव्हे; मशिदीतील बांग आणि देवळातील घंटा एकाचीच आठवण करतात. बैराग्यांच्या आणि भिकाऱ्यांच्या झोळीतून पैसा काढल्याने तैमूरच्या घराण्याची दुष्कीर्ती होईल, हेही ऐकविले आहे. समोरच्याने जे प्रमाण मानले आहे त्याच प्रमाणाने त्याला मोजायचे, ही पद्धत. आजची सरकारेही एकमेकांना संविधानाची आणि सही केलेल्या करारांची आठवण करून देतात ती याच न्यायाने.

शेवटी सूर बदलतो. हिंदूंना पीडा देण्यातच धर्म वाटत असेल, तर आधी राणा राजसिंहाकडून जिझिया घ्यावा, मग आमच्याकडून घेणे अवघड जाणार नाही. मुंग्या-माश्यांना चिरडण्यात शौर्य नाही, असे महाराज बजावतात. खरी गोष्ट न सांगणाऱ्या दरबारी लोकांनाही त्यांनी टोला दिला आहे.

पत्रात एक वाक्य असेही आहे, की सोन्याचे दागिने घातलेली स्त्री निर्धास्त प्रवास करू शकेल एवढी सुरक्षितता राज्यात असेल तरच असा कर शोभेल, आणि येथे तर शहरेही लुटली जात आहेत. सुरतेच्या एखाद्या सावकाराने हे वाचले असते, तर ती शहरे कोणी लुटली, असे त्याने विचारलेच असते. १६६७ च्या नोव्हेंबरात बारदेशवरील स्वारीत मराठ्यांनी पोर्तुगीज मुलखातील माणसे कैद करून नेली होती, हेही खरे. डिसेंबरच्या तहानंतर त्यांच्या सुटकेचा प्रश्न मिटला. दुसऱ्याला जाब विचारणाऱ्या कोणत्याही राज्याची पाटी कोरी नसते. महाराजांच्या बाबतीत मात्र पत्रातील मुख्य मुद्द्यावर, म्हणजे धर्मावरून रयतेत भेद न करण्यावर, बादशहाला उलट बोट दाखविणे कठीण होते. त्यांच्या पदरी काझी हैदरसारखा फारसीनवीस होता, आरमारात मुसलमान अधिकारी होते, आणि केळशीत याकूबबाबांचा मठ सरकारी खर्चाने चालत होता.

खलित्याने जिझिया थांबला नाही. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले, आणि पुढच्याच वर्षी औरंगजेब स्वतः दक्षिणेकडे निघाला. त्याच वर्षी मेवाडच्या राण्याने जिझियाच्या बदल्यात परगणे तोडून दिले. दक्षिणेत मात्र सततच्या युद्धाने आणि दुष्काळाने रयत इतकी पिचली की १७०४ साली लढाई चालू असेपर्यंत हा कर तहकूब करण्याची पाळी खुद्द औरंगजेबावर आली. १७१३ साली फर्रुखसियरने तो उठविला, चार वर्षांनी परत बसविला. १७१९ मध्ये सय्यद बंधूंनी त्याला पदच्युत केले आणि जिझिया पुन्हा रद्द झाला. त्या वेळी पेशवे बाळाजी विश्वनाथ मराठी फौजेसह दिल्लीत होते.