थर्स्कचे पशुवैद्यक आल्फ वाइट

जेम्स हेरिएट या नावाने जगभर वाचल्या गेलेल्या लेखकाचे खरे नाव जेम्स आल्फ्रेड वाइट असे होते. लेखन हा त्यांचा जोडव्यवसाय होता. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातल्या थर्स्क या लहानशा बाजारगावी त्यांनी सुमारे अर्धशतक जनावरांवर उपचार केले.

वाइट यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९१६ रोजी संडरलँड येथे झाला. बालपण ग्लासगोत गेले. तेथील पशुवैद्यक महाविद्यालयातून १९३९ मध्ये पदवी घेतल्यावर, जुलै १९४० मध्ये ते डोनाल्ड सिंक्लेअर यांच्या २३, कर्कगेट येथील दवाखान्यात रुजू झाले. मध्यंतरी काही काळ त्यांनी हवाई दलात काढला.

पेनिसिलिन त्या वेळी गोठ्यापर्यंत पोहोचले नव्हते. आडवे आलेले वासरू वळविण्यासाठी पशुवैद्यकाला कडाक्याच्या थंडीत सदरा उतरवून, हात खांद्यापर्यंत साबणाने धुऊन, गाईच्या मागे दगडी फरशीवर पालथे पडावे लागे. गाय दगावली तर लहान शेतकऱ्याचे वर्षाचे गणित कोलमडे. हे अर्थकारण भारतीय पशुपालकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गाईंच्या सांसर्गिक गर्भपातास कारणीभूत असलेल्या ब्रुसेला जंतूंची बाधा स्वतः वाइट यांनाही झाली आणि तापाने त्यांचा दीर्घकाळ पिच्छा पुरविला.

लेखणी त्यांनी पन्नाशीच्या सुमारास हाती घेतली. सुरुवातीचे लेखन प्रकाशकांकडून परत आले. १९७० मध्ये पहिले पुस्तक निघाले, तेव्हा पशुवैद्यकांना जाहिरात करण्यास मनाई असल्याने त्यांनी एका फुटबॉल गोलरक्षकाचे नाव टोपणनाव म्हणून घेतले. पहिली दोन पुस्तके एकत्र करून १९७२ मध्ये अमेरिकेत ‘ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल’ प्रसिद्ध झाले आणि त्यांचे नाव सर्वत्र पोहोचले. १९७८ पासून बीबीसीने त्यावर दूरचित्रवाणी मालिका सादर केली. १९७९ मध्ये त्यांना ‘ओबीई’ हा किताब मिळाला.

पुस्तकांतील प्रत्येक प्रसंग जसाच्या तसा खरा मानणे मात्र योग्य ठरणार नाही. त्यांतील काळ प्रत्यक्षापेक्षा काही वर्षे मागे नेलेला आहे, माणसांची नावेही बदललेली आहेत. सिग्फ्रिड या पात्रातील आपले चित्रण सिंक्लेअर यांना रुचले नव्हते. शिवाय त्या प्रसन्न पानांत न आलेला एक कालखंडही होता. १९६० च्या सुमारास वाइट यांना तीव्र नैराश्याने ग्रासले व विद्युतोपचार घ्यावे लागले. तरीही त्यांचे गोठ्यांवर जाणे सुटले नाही. कीर्ती व पैसा लाभल्यानंतर दवाखान्यात पर्यटकांची रीघ लागली, परंतु त्यांनी ना गाव सोडले, ना व्यवसाय. पुत्र जिम हेही पशुवैद्यक होऊन त्याच दवाखान्यात काम करू लागले.

२३ फेब्रुवारी १९९५ रोजी थर्स्कजवळच्या थर्ल्बी येथील राहत्या घरी कर्करोगाने वाइट यांचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये सिंक्लेअरही निवर्तले. कर्कगेटवरील त्या इमारतीत १९९९ मध्ये वाइट यांच्या जीवनकार्यावरील संग्रहालय सुरू झाले.